पाचशे डझनांची ओळ

६ फेब्रुवारी

मावशी,

फोनवर तुझं निम्मं लक्ष कानातल्या यंत्राच्या शिट्टीकडे असतं आणि निम्मं माझ्याकडे, म्हणून लिहायला बसले. शिवाय तूच म्हणतेस, दराचं बोलणं कागदावर असावं.

तर कागदावर सांगते. मला दुकानदारांची भीती वाटते. हसू नकोस. साबण करताना मला कसलीच भीती वाटत नाही. सोडा पाण्यात घातला की पातेलं असं तापतं की हात लावायची सोय नाही, तरी माझा हात हलत नाही. पण दुकानदाराने "जास्त माल घेतला तर किती सूट?" असं विचारलं की माझी बोबडी वळते. त्याने नुसती भुवई वर केली तर मी पाच टक्के उतरते, आणि तो गप्प बसला तर दहा. घरी येऊन हिशोब केला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

गेल्या आठवड्यात व्हायचं तेच झालं. कोपऱ्यावरचे चष्मेवाले काका (चष्मे विकत नाहीत, नाकाच्या शेंड्यावर घालतात, त्यांचं किराणा दुकान आहे) आणि रिबिनी-कंगव्यांच्या दुकानातली बाई दवाखान्यात शेजारी शेजारी बसली होती. बोलता बोलता माझ्या साबणाचा दर निघाला. काका तिच्या तिप्पट माल घेतात आणि तिला माझा साबण काकांपेक्षा स्वस्त! दुसऱ्या दिवशी काकांनी चार गिऱ्हाइकांदेखत मला विचारलं, "आम्ही काय पाप केलंय?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

म्हणून एक दरपत्रक छापून घेतलं. इतके डझन, इतकी सूट, सगळ्यांना सारखंच. आता कोणी विचारलं की तोंड न उघडता कार्ड पुढे करायचं. छान गुळगुळीत कागद आहे, पाच ओळी. सोबत पाठवते आहे. चाळीस वर्षं दुकान चालवलंस, बघून सांग बरं आहे का.

माझ्याकडे कामाला येतात त्या काकू आणि वड्यांना कागद गुंडाळणारी वेष्टनवाली, दोघी मजेत आहेत. ह्यांना कारखान्यात रात्रपाळी लागली आहे, त्यामुळे घरात दिवसभर कुजबुजत बोलावं लागतं.

तुझी चिंगी


१४ फेब्रुवारी

चिंगे,

पाकिटात पत्र आहे, कार्ड नाही. पाकीट उलटं करून झटकलं, फाडून बघितलं. धन्य आहेस.

कार्ड छापलंस हे फार चांगलं केलंस. दुकानदाराला सूट नको असते गं, त्याला फक्त शेजारच्याला आपल्यापेक्षा जास्त मिळत नाहीये ना, एवढं हवं असतं. मी स्वतः तशीच होते.

आता नीट ऐक. सूट द्यायची ती आपलं जे वाचतं त्यातून. एका दुकानाने दोन डझनांऐवजी बारा डझन घेतले तर तुझ्या पाच फेऱ्या वाचल्या, पाच बिलं वाचली, दोरी वाचली, खोकं वाचलं. त्यातलं थोडं त्याला दे आणि थोडं स्वतःला ठेव. जिथे तुझं काही वाचत नाही तिथे सूट द्यायची नाही, मग समोरच्याला भुवई टाळूपर्यंत नेऊ दे.

आणि डझनाला खर्च किती येतो हे काढताना तू स्वतःची मजुरी धरलीस का? नसशील धरली. तुझी आईही धरायची नाही. काकूंची धरतेस, वेष्टनवालीची धरतेस, मग तू काय हवा खातेस?

कार्ड पाठव. पाच ओळी कशाला लागल्या तेही लिही. मला तीनच सुचतात.

मावशी


९ मार्च

मावशी,

बस आधी. बसलीस? चौदा दुकानं असलेली ती मोठी कंपनी आहे ना, काचेच्या दारांची, आत गार वारा सोडलेली? त्यांनी माझ्याकडून पाचशे डझन मागवलेत. पाच नाही, पन्नास नाही. सहा हजार वड्या!

त्यांचा खरेदीचा माणूस स्वतः आला होता. आम्ही त्याला खरेदीसाहेब म्हणतो. मऊ बोलतो, आवाज म्हणून चढवत नाही. काकूंनी त्याला बसायला स्टूल दिलं तर तो आधी रुमालाने पुसून मग बसला. माझं कार्ड वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं, खिशात घातलं आणि म्हणाला, "आवडलं. स्पष्ट आहे." मी दोन दिवस त्याच आनंदात होते. माझ्या कामाला इतक्या मोठ्या माणसाने स्पष्ट म्हटलं!

मे अखेरपर्यंत माल द्यायचा. पैसे साठ दिवसांनी. जो विकला जाणार नाही तो परत. मी सही केली. वेष्टनवाली नाचायची बाकी होती. तिच्या भावजयीलाही काम देता येईल म्हणून तिने तिथल्या तिथे निरोप पाठवला.

आमच्या फळ्यांवर एका वेळी दीडशे डझन वड्या मावतात आणि त्या वाळायला चार आठवडे लागतात. म्हणून मागची खोली वर्षाच्या कराराने भाड्याने घेतली आणि आणखी दोघींना कामावर घेतलं.

कार्ड पाठवायचं पुन्हा राहिलं. गडबड फार आहे.

चिंगी


१७ मार्च

चिंगे,

दोन पानं लिहिलीस आणि दर किती लावलास ते लिहिलं नाहीस.

लहानपणी माझ्याकडे राहिली होतीस तेव्हा बरणी फोडून तू मला अर्धा तास मांजराच्या पिल्लांची गोष्ट सांगत बसली होतीस. बरणीचं मला तेव्हाच कळलं होतं.

पाचवी ओळ काय आहे?

मावशी


२१ एप्रिल

मावशी,

लिहायला महिना लावला. कामाचं कारण खरं आहे, पण तेवढंच खरं नाही.

कार्ड आत घातलंय. या वेळी पाकीट चिकटवण्याआधी दोनदा बघितलं. पण तू ते बघण्याआधी मीच सांगते, म्हणजे निदान तेवढं तरी माझ्या तोंडून झालं.

डझनाचा दर चारशे ऐंशी. सहा डझनांपासून पाच टक्के सूट, चोवीसपासून दहा, शंभरपासून वीस. एवढ्या चार ओळी झाल्या होत्या. तर छापणारा म्हणाला, "बाई, खाली जागा मोकळी दिसतेय, अजून एक ओळ मावेल." आणि मी म्हटलं, टाका, पाचशे डझन आणि त्यापुढे पस्तीस टक्के. शोभेसाठी गं! पाचशे डझन कोण घेणार होतं? कार्ड बघणाऱ्याला वाटावं की ही मोठी पार्टी आहे, हिच्याकडून पाचशे डझन घेणारेही आहेत. खाली एक वाक्यही टाकलं, हे दर वर्षअखेरपर्यंत बदलणार नाहीत. तेही शोभेसाठीच.

पस्तीस टक्के गेले की डझनामागे तीनशे बारा उरतात. माझा खर्च येतो तीनशे चाळीस. हे मी कधी काढलं माहितेय? सही केल्यावर आठ दिवसांनी. मला वाटलं होतं माल जास्त म्हणजे तेल स्वस्त पडेल. तेल पडलंही थोडं स्वस्त. पण साबण घाईने वाळत नाही, त्याला जागा लागते. नवी खोली, नव्या फळ्या, नव्या दोघींची मजुरी असं सगळं धरलं तर खर्च तीनशे पंचावन्नवर गेला. म्हणजे प्रत्येक डझनामागे त्रेचाळीस माझ्या पदरचे जाणार. पाचशे डझनांचे साडेएकवीस हजार. आणि यात माझी मजुरी अजूनही धरलेली नाही, ओरडू नकोस.

ह्यांना सांगितलेलं नाही. ह्यांना वाटतंय बायको मोठी झाली. कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटलेत.

मी आता एकच गोष्ट मनाशी धरून आहे. ही एक ऑर्डर पार पडली की संपलं. साठवलेल्यातून भरून निघेल. फक्त फळ्यांवर त्या रांगाच्या रांगा बघितल्या की मी तोंड फिरवते. एरवी मला वाळत ठेवलेल्या वड्या बघायला किती आवडायचं.

चिंगी


३० एप्रिल

चिंगे,

कार्ड बघितलं. माझे हात गार पडले.

आता रागवायला वेळ नाही. सांगते ते कर. माल पोचला की त्यांच्या एका दुकानात स्वतः गिऱ्हाईक म्हणून जा आणि तुझ्या वडीवर काय किंमत लावलीय ते बघून ये. कोणाला विचारू नकोस, स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

आणि ती एक ऑर्डर नाही. दुसरी येणार. दुसऱ्या ऑर्डरवर सही करायची नाही. कोणी कितीही मऊ बोललं तरी नाही.

कशावरून म्हणते ते विचारू नकोस.

मावशी


२ जून

मावशी,

तुला सगळं आधीच कसं कळतं? मला तुझा राग आला आहे, म्हणून हे पत्र वेडंवाकडं होणार.

माल पोचवला. वेळेवर, एक वडी कमी नाही. चार दिवसांनी गेले त्यांच्या दुकानात. दारातच माझ्या साबणाचा ढीग, वर मोठी पाटी आणि प्रत्येक वेष्टनावर पिवळा स्टिकर, छत्तीस. मी तशीच उभी राहिले. चष्मेवाले काका माझ्याकडून वडी अडतीसला घेतात आणि पन्नासला विकतात. त्यांना घेतानाच अडतीस पडते आणि इथे गिऱ्हाइकाला छत्तीसला! कंपनीला माझ्याकडून सव्वीसला पडली ना. वर दहा लावून मोकळे झाले.

मला वाटलं होतं मी फक्त माझंच नुकसान केलंय.

काकांनी चार खोकी परत पाठवली. चिठ्ठीत लिहिलं होतं, "आम्हाला पडतं त्यापेक्षा त्या मोठ्या दुकानात गिऱ्हाइकाला स्वस्त मिळतं, तर आम्हीही तिथूनच घेऊ म्हणतो." मग रिबिनीवाल्या बाईंनी परत पाठवलं. मग रोज कोणीतरी. माझी एकोणीस दुकानं होती, मावशी. सहा वर्षं पायी फिरून एकेक जोडलेली. त्यातल्या चौदांनी माल थांबवला आहे. मी आता कोपऱ्यावरून जात नाही, मागच्या गल्लीने वळसा घालून जाते, काकांनी बघू नये म्हणून. या वयात लपतछपत फिरते मी.

आणि काल दुसरी ऑर्डर आली. पुन्हा पाचशे. शिवाय दर दोन महिन्यांनी पाचशे, वर्षअखेरपर्यंत. मी फोनवर म्हटलं, हा दर मला परवडत नाही. तो शांतपणे म्हणाला, "पण तुमच्याच कार्डावर छापलंय. वर्षअखेरपर्यंत बदलणार नाही असंही तुम्हीच छापलंय. आम्ही कुठे घासाघीस केली?" खरंच गं, त्याने एका पैशाचीही घासाघीस केली नाही. मग म्हणाला, सही नको असेल तर पहिल्या ऑर्डरचा शिल्लक माल परत येईल आणि त्याचे पैसे कापले जातील. वीस तारखेला कचेरीत बोलावलंय.

मला जाम भीती वाटतेय. सही केली तर वर्षअखेरीला साबण करायला पातेलंसुद्धा उरणार नाही. नाही केली तर त्यांचंही गेलं आणि जुनी दुकानंही गेली. दोन्हीकडून काम बंदच. काकू नऊ वर्षं माझ्याकडे आहेत. परवा त्यांनी मला विचारलं, "पुढच्या महिन्याचं तेल कधी आणायचं?" मी म्हटलं बघू, आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. तिथेच हुंदका आला.

तू म्हणालीस सही करू नकोस. का ते सांगितलं नाहीस. मला कारण हवंय. त्या माणसासमोर तुझ्या नुसत्या शब्दावर माझे पाय ठरणार नाहीत.

चिंगी


९ जून

चिंगे,

कारण हवंय तर घे. हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं, आणि ते तर गेलेसुद्धा.

माझं दुकान नवीन असताना एक मेणबत्तीवाला माल द्यायचा. घरीच करायचा, बायको वाती ओवायची. सायकलला दोन्हीकडे खोकी बांधून यायचा. त्यानेही असंच एक कार्ड छापलं होतं. शेवटची ओळ होती, शंभर पेट्या घेतल्या तर तीस टक्के. मी ती ओळ वाचली आणि मला लगेच कळलं की त्याने ती लिहिताना हिशोब केलेला नाही. माणूस कुठे हिशोब करून लिहितो आणि कुठे हौसेने लिहितो, हे दुकानदाराला वाचता येतं. तुझ्या खरेदीसाहेबालाही आलं.

माझ्या एकटीच्या दुकानाला शंभर पेट्या कुठून लागणार? मी आणखी पाच दुकानदार गोळा केले आणि सगळ्यांची ऑर्डर माझ्या एकटीच्या नावाने लावली. दर महिन्याला शंभर पेट्या. तो पहिल्या महिन्यात हरखला. दुसऱ्या महिन्यात त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. तिसऱ्या महिन्यापासून माल उतरवताना तो बोलायचा बंद झाला. मी विचारायची, "परवडतंय ना?" तो म्हणायचा, "चालतंय, बाई." मला माहीत होतं की चालत नाहीये. मला नक्की माहीत होतं, चिंगे. दीड वर्ष मी ते घेत राहिले.

मग तो यायचा थांबला. साचे विकले असं कानावर आलं. बऱ्याच दिवसांनी मला तो दुसऱ्याच्या दुकानात पुड्या बांधताना दिसला. मला बघून हसला आणि म्हणाला, "बाई, दुकान चांगलं चाललंय ना?" मी काही न घेताच बाहेर आले.

म्हणून तुझं कार्ड बघून माझे हात गार पडले.

आता तुझ्या कामाचं सांगते. त्या दीड वर्षात दर महिन्याला मी वाट बघायची की हा आज तरी नाही म्हणेल. तो म्हणाला असता तर मी त्याच मिनिटाला जुन्या दराने माल घेतला असता. वर कपभर चहा दिला असता. विकत घेणारा जोरात असतो तो समोरचा नाही म्हणेपर्यंतच. आतून तोही घाबरलेला असतो की चांगला माल हातचा जाईल. मी त्या बाजूला बसलेली आहे, मला माहितेय. तू नाही म्हण आणि गप्प बस. तो खाली येईल.

कार्ड म्हणजे काही सही केलेला कागद नव्हे. पहिली ऑर्डर तू पुरी केलीस, तुझा शब्द पाळलास. दुसरीचा शब्द दिलेला नाहीस.

जाताना जेवून जा. रिकाम्या पोटी माणूस लवकर हो म्हणतो.

मावशी


२४ जून

मावशी,

तुझा अंदाज साफ चुकला.

जेवून गेले. सातव्या मजल्यावर लांबलचक वऱ्हांडा, दोन्हीकडे काचेच्या खोल्या, प्रत्येकीत एक माणूस आणि त्याच्यासमोर माझ्यासारखं कोणीतरी पिशवी मांडीवर घेऊन बसलेलं. खरेदीसाहेबाने पाणी मागवलं. कागद पुढे सरकवला, पेनाचं टोपण काढून पेन कागदावर आडवं ठेवलं. मी म्हटलं, "या दराने नाही जमणार." आवाज असा निघाला की मलाच ऐकू आला नाही. तो म्हणाला, "काय म्हणालात?" मग पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्या वेळी फारच मोठ्याने निघाला. शेजारच्या काचेतली बाई वळून बघायला लागली.

मग तू सांगितलंस तशी गप्प बसले. आता हा खाली येईल, आता चहा मागवेल, असं मनाशी घोकत होते.

त्याने पेनाला टोपण लावलं. म्हणाला, "ठीक आहे. शिल्लक माल गुरुवारी येईल." आणि पुढच्या माणसाला हाक मारली. अर्धं मिनिटही लागलं नाही गं. रागावलासुद्धा नाही. मी उठताना तो पुढच्या माणसाचं कार्ड वाचत होता.

लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले. मधल्या मजल्यावर पायरीवर बसले. तिथे बसून मी तुला इतक्या शिव्या दिल्या.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. अगदी छापणाऱ्यापासून. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "मी कारखान्यात सगळ्यांना सांगून बसलोय." आणि थोड्या वेळाने, "बरं, खोकी उतरवायला मी घरी थांबतो."

पुढे काय ते मला ठाऊक नाही.

चिंगी


२८ जुलै

मावशी,

महिनाभर पत्र नाही म्हणून तू ह्यांना फोन केलास आणि यंत्र शिट्टी वाजवत होतं म्हणून काहीच न ऐकता ठेवलास, असं कळलं. जिवंत आहे मी.

दोनशे दहा डझन परत आले. पंचवीसशे वीस वड्या, प्रत्येकीवर पिवळा छत्तीस. स्टिकर ओढला की वेष्टनाचा कागदच फाटतो, म्हणून सगळी वेष्टनं काढून नवी घालावी लागली. काकू, वेष्टनवाली, मी आणि ह्यांची सुट्टी असेल त्या दिवशी हे. ह्यांना घडी जमत नाही, त्यांच्या वड्या पगडी घातल्यासारख्या दिसतात. नव्या दोघींना हिशोब देऊन सोडावं लागलं. वेष्टनवाली चार दिवस माझ्याशी बोलली नाही, त्यातली एक तिची भावजय ना. मागची खोली सोडली, अनामत रक्कम बुडाली.

एक गोष्ट बरी झाली, साबण खराब झाला नाही. तो जितका वाळेल तितका कडक होतो आणि जास्त दिवस टिकतो. माझ्या हातचा इतका चांगला साबण याआधी दुकानात गेलेला नाही.

नवं कार्ड केलंय. तीन ओळी. शेवटची चोवीस डझन आणि आठ टक्के, कारण तेवढा माल टेम्पोच्या एका फेरीत जातो आणि माझ्या चार फेऱ्या वाचतात. त्यापुढे काही नाही. छापणारा म्हणालाच, "बाई, अर्धं कार्ड रिकामं दिसतंय." मी म्हटलं, दिसू दे. माझी मजुरी धरली आहे. धरताना चोरी करतेय असं वाटत होतं.

मग एकेक दुकान फिरले. सगळ्यात आधी चष्मेवाले काका, कारण त्यांचीच जास्त भीती होती. मागच्या गल्लीने नाही, समोरून गेले. सगळं सांगितलं, की मी ती ओळ शोभेसाठी लिहिली होती आणि हिशोब केला नव्हता. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी नवं कार्ड पुढे ठेवलं. मग म्हणाले, "मी तीस डझन घेतले तर?" मी म्हटलं, "आठच टक्के." ते म्हणाले, "पन्नास घेतले तर?" मी म्हटलं, "आठच." त्यांनी भुवई वर केली. मावशी, मला अजूनही भीती वाटली, तश्शीच. पण मी आठवर राहिले. शेवटी म्हणाले, "सहा डझन उतरवा. आणि तो छत्तीसचा माल पुन्हा कुठे दिसला तर मला तोंड दाखवू नका."

थांबलेल्या चौदांपैकी आठ जण परत आले. तिघांनी हाकलून दिलं, तिघे बघू म्हणाले. पाच तर थांबलेच नव्हते. तेरा दुकानांवर दोन बायका आणि एक टेम्पो चालतो, मी दोनदा हिशोब केला. कालच काकूंनी तेलाचे डबे आणवले.

पण तुझं चुकलं ते चुकलंच. तो खाली आला नाही.

चिंगी


६ ऑगस्ट

चिंगे,

माझा अंदाज चुकला नाही. मी खोटं लिहिलं होतं.

मेणबत्तीवाल्याने नाही म्हटलं असतं तर मी त्याला चहा दिला नसता. मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडून माल घेतला असता. आणखी दोन मेणबत्तीवाले माझ्या ओळखीचे होते. वाट बघायची, जुन्या दराने घेतला असता, हे सगळं मी तुला तिथे जायचा धीर यावा म्हणून रचलं. तुझा खरेदीसाहेब काय करणार हे मला चांगलं ठाऊक होतं. मीही तेच केलं असतं, आणि मलाही अर्ध्या मिनिटाहून जास्त लागलं नसतं.

पण मी हाकललं असतं तर तो माणूस वाचला असता गं. माझ्यासकट आमची सहा दुकानं गेली असती, त्याची बाकीची साठ राहिली असती. दोन महिने ओढाताण झाली असती, आणि मग बायको वाती ओवत बसली असती, तो साचे भरत बसला असता. त्याला एवढंच करायचं होतं की माझ्याकडून हाकलून घ्यायचं. आणि तो घाबरून मला चालतंय, बाई, चालतंय, बाई म्हणत राहिला.

हे खरं लिहिलं असतं तर तू सातव्या मजल्यावर चढली असतीस का? नसतीस. जिन्यावर बसून दिलेल्या शिव्या मला मान्य आहेत. अजून द्यायच्या असतील तर ये, यंत्र काढून ऐकते.

तू वाचलीस. तुला हाकललं आणि तू वाचलीस. हे मी परवापासून दिवसातून दहा वेळा स्वतःशी म्हणते आहे.

मार्चपासून तुझं हे परवाचं पत्र येईपर्यंत मला घास उतरत नव्हता. शेजारीण विचारायची, बरं नाही का. त्या माणसाच्या वेळी मी दीड वर्ष रोज पोटभर जेवत होते.

तुझी
मावशी